पोळपाट

मी सुतार. ओशिवऱ्याच्या फर्निचर गल्लीत
लोकांच्या झोपेची मापं घेतो.
सहा बाय साडेसहा, खाली पेटी, डोक्याकडे कुशन.
नववा लागला तेव्हा रसिका म्हणाली,
आता एक माप घरचं घे.

कूपरमधून सुटताना सिस्टर कांबळींनी
डिस्चार्जच्या कागदामागे पेनाने चित्र काढलं:
एक चौकोन, चौकोनात उताणं बाळ,
बाकी काही नाही.
"पाठीवर. दुपारची डुलकी असो की रात्र.
उशी नको, खेळणं नको, सैल पांघरूण नको.
तुमच्याच खोलीत, हाताच्या अंतरावर,
पण तुमच्या अंथरुणात नाही."
मी विचारलं, गादी मऊ किती?
त्यांनी टेबलावर बोटांनी टकटक केली.
ते मला लगेच कळलं.

शेठला विचारून सागाच्या उरलेल्या पट्ट्या घेतल्या.
दोन पट्ट्यांतून कोल्ड्रिंकचा कॅन जाता कामा नये,
गादी आणि चौकटीमध्ये बोट शिरता कामा नये.
इतकं काटेकोर कुठल्याच गिऱ्हाइकाचं केलं नव्हतं.

त्याच आठवड्यात एका बाईंची ऑर्डर होती:
पाळण्याला आतून फुगीर झालर,
सात उशा, एक ढग, एक चांदोबा.
न्यायला आलेल्या ड्रायव्हरला म्हटलं,
निजवताना हे सगळं काढायला सांगा.
तो म्हणाला, सांगतो.
सांगितलं असेल.

सासूबाई कुडाळहून आल्या.
पिशवीत डोकं गोल व्हावं म्हणून मोहरीची उशी,
जुन्या लुगड्यांची गोधडी, लोकरीचं टोपरं,
आणि दचकू नये म्हणून उशाखाली ठेवायला सुरी.
पाळण्यात वाकून बघितलं नि म्हणाल्या,
"हो पाळणो की पोळपाट?"
मी हसलो. रसिका हसली नाही.
ऑक्टोबर, वर पत्रा तापलेला.
तिने बाळाच्या मानेमागे हात घातला,
ओला हात आईला दाखवला
आणि टोपरं काढून खुंटीला लावलं.
दोन दिवस दोघी मिठापुरतं बोलल्या.

आता गोधडी सकाळची.
बाळ जागं असताना सासूबाई त्याला तिच्यावर पालथं घालतात,
समोर बसून मान उचलायची वाट बघतात.
मोहरीची उशी माझ्या मानेखाली, खरंच बरी आहे.
सुरी कांद्याला.

आमच्या बोळाच्या टोकाला नसरीन राहायची.
गेल्या वर्षी एका पहाटे तिचं बाळ उठलंच नाही.
डॉक्टर म्हणाले, कारण सापडलं नाही.
मग नळावर सगळ्यांना सापडलं,
रोज एकाला, रोज वेगळं.
तिने काही केलं नव्हतं.
हे इथे लिहून ठेवतो,
कारण पाणी भरताना कुणी म्हटलं नाही.
मीही हंडा घेऊन रांगेत होतो.

माझी टेप पाच मीटरची.
तिच्यात येतं तेवढं मोजलं.
बाकीचं तिच्यात येत नाही हेही माहीत आहे.
विडी सोडली असं म्हणत नाही,
बावीस दिवस झाले, एवढंच म्हणतो.
कामावरून आलो की आधी मोरीत,
पॉलिशचा, भुशाचा वास उतरेपर्यंत साबण,
मग बाळ.

रात्री तीनला रसिका भिंतीला टेकून पाजता पाजता पेंगते.
मी उठतो, तिच्या कवेतून बाळ अलगद सोडवतो,
ती झोपेतच विचारते, पाठीवर?
पाठीवर.
पंखा दोनवर. वाकून कान लावतो:
अगदी बारीक पात्याचा रंधा
मऊ लाकडावर चालावा तसा श्वास,
मध्येच थांबतो,
आणि मीही,
मग पुन्हा चालू.

दिवा नाही. पाळण्यात
एक बाळ, आणि त्याच्या चारी बाजूंनी
मी मुद्दाम काही न ठेवलेली जागा.
मी खाली आडवा होतो, हात वर करतो.
पट्ट्यांतून मूठ जात नाही, मापच तसं घेतलंय.
दोन बोटं जातात.