खोटं काडतूस

शनिवारी सकाळी सातला
खडीच्या बंद पडलेल्या खाणीत आम्ही अकरा जण.
पूर्व ओरेगनचं कोरडं पठार, ज्युनिपरच्या झुडपांवर दंव,
पिकअपच्या बॉनेटवर कॉफीचे वाफाळते पेले,
आणि ओरिन टास्कर, जो बोलायच्या आधी
स्वतःच्या बुटांकडे बघून घेतो.
“इथली प्रत्येक बंदूक भरलेली आहे,” तो म्हणाला,
“रिकामी असली तरी.”

शेजारी डेल्फीन, शाळेत ट्रम्पेट शिकवणारी,
पलीकडे दोघे सख्खे भाऊ, कुंपणाच्या वादापासून अबोला धरलेले,
आणि एक दंतवैद्य,
ज्याच्या पट्ट्याला अजून दुकानाचा वास.
मी एकसष्ट वर्षांची. तीस वर्षं या भागात टपाल वाटलं.
कुत्री मला नावानिशी ठाऊक,
माणसं त्यांच्या पाकिटांवरून.

पाय खांद्याइतके लांब. गुडघे सैल.
बोट चापावर नाही, बाजूला, सरळ,
कुणाला वाट दाखवावी तसं.
श्वास सोडायचा, आणि तो संपतो त्या पायरीवर
क्षणभर उभं राहायचं.

दुपारी ओरिनने माझं मॅगझिन मागितलं,
पाठ वळवून त्यात काही केलं, परत दिलं.
धाड. धाड.
तिसऱ्या खेपेला नुसतं
टक्.
आवाज नाही, धक्का नाही,
तरी माझं मनगट खाली हिसकलं,
डोळे गच्च मिटले,
नळी जमिनीकडे झुकून राहिली.
“खोटं काडतूस,” तो म्हणाला,
रागावून नाही,
डॉक्टर रिपोर्ट वाचतात तसं.
“आवाजाच्या आधीच तू आवाज ऐकतेस.”
माझे कान तापले.
बाकीच्या नऊ जणांचंही असंच झालं होतं,
दंतवैद्याचं तर विचारू नका,
पण हे मला रात्री, बीन्स गरम करताना कळलं.

तंबूत झोप नाही. खांदा ठणकतोय.
बाहेर भाऊ एकाच शेगडीवर
आळीपाळीने आपापला डबा ठेवताहेत.

रविवारी बंदुका पेटीत.
टायर उलटवायचे. वाळूची पोती चढावर न्यायची.
मांडीला पट्टा आवळायचा, तिशी मोजायच्या आत,
डेल्फीन ओरडली तरी ढिला करायचा नाही.
मग ओरिनने थोरल्या भावाला जमिनीवर झोपवलं.
“हा जखमी. वजन दोनशे दहा पौंड.
पांढऱ्या रेघेपर्यंत.”

मागून काखेत हात. त्याचं मनगट माझ्या मुठीत.
पाठ नाही, मांड्या वापर.

वेंडेल पंपघरामागे पडला तेव्हा फेब्रुवारी होता.
दारापर्यंत बारा पावलं.
मी त्याला तीन पावलं ओढलं.
मग फोन करायला टेकडीवर गेले, कारण रेंज तिथेच येते.
परत आले तेव्हा त्याच्या मिशीवर बर्फ होतं.
हे मी नोंदणीच्या अर्जात लिहिलं नव्हतं.
‘येण्याचं कारण’ या रकान्यात
मी ‘स्वसंरक्षण’ लिहिलं,
वर छापलेलं तेच उदाहरण होतं म्हणून.

खडी सरकते. टाच रुतते. धाप लागते.
चार. पाच. सहा.
पांढरी रेघ कधी गेली कळलं नाही.
“बस्स,” ओरिन म्हणाला. मग मोठ्याने, “बस्स!”
मी ओढत राहिले, थेट माझ्या पिकअपच्या चाकापर्यंत.
सांगितल्याबरहुकूम आभाळाकडे बघत मेल्यासारखा पडलेला तो माणूस
हळूच म्हणाला, “बाई, मी जिवंत आहे.”

त्याचा एक बूट वाटेतच निघाला होता.
धाकटा तो हातात घेऊन
आमच्या मागोमाग चालत आला होता,
काही न बोलता.

सोमवारी किराणा दुकानात, दुधाच्या फ्रीजसमोर,
माझ्या प्रत्येक दुसऱ्या पावलाला फरशी वाजत होती.
टक्.
टक्.
वाकून पाहिलं. बुटाच्या खाचेत
पितळेचं एक रिकामं टोपण अडकलेलं.
नखाने निघेना.
मग मी तशीच चालत राहिले, अंड्यांपर्यंत, पावापर्यंत,
मनगटावर लक्ष ठेवून.