अर्धा फेरा

सुस्केसच्या अलीकडे चौदा किलोमीटरवर
काटा लाल पट्ट्यात गेला आणि गोडसर वास आला,
करपल्या काकवीसारखा.
मी इंजिन बंद केलं.
मागच्या सीटवर लसींचा डबा,
आतल्या बर्फाच्या विटा सकाळी सातच्या.
आता साडेदहा.

या उंचीवर पाणी अठ्ठ्याऐंशीलाच उकळतं.
बटाटे शिजता शिजत नाहीत,
माझी जुनी रेनो मात्र तेवढ्यात शिजते.

निसेफोरो काल्पांचाय मिठाचा ट्रक घेऊन मागून आला.
पहिलं वाक्य: "झाकणाला हात लावू नकोस."
दुसरं वीस मिनिटांनी.
मधल्या वेळात त्यानं कोकाची पानं गालात धरली
आणि रेडिएटर निवायची वाट पाहिली,
जशी मी पाहते
दोन कळांच्या मधे.

"दाब," म्हणाला. खालच्या होजकडे बोट.
तीस वर्षं पोटं दाबलीत मी.
बाहेरून धडधाकट, काळा, तुकतुकीत;
चिमटीत धरला तर आत कुरकुर,
वाळक्या गवतावर पाऊल पडावं तशी.
वरचा होज तर क्लॅम्पपाशी फुगून मऊ पडलेला,
तिथं तेल ठिबकत होतं, वर्षभर तरी.
"रबर आतून जातं, बाई. आपल्याला कळतं ते शेवटी."
हे मी कितीदा सांगितलंय,
वेगळ्या शब्दांत,
दारात टोपी चुरगळत उभ्या नवऱ्यांना.

त्यानं होज ओढला नाही.
रेडिएटरचा गळा पितळेचा, पातळ.
ओढलास तर गळाच येईल हातात.
सुरीनं लांबीत चिरला, शेंगेसारखा उकलला.
हिरवं पाणी परातीत धरलं.
गोड असतं ते, आणि विषारी,
म्हणून त्याआधी कुत्रीला ट्रकमधे कोंडलं.
ती काचेआडून भुंकत राहिली, अपमान झाल्यासारखी.

नवे होज कुठल्याशा फोर्डचे, एक बोट लांब.
वाक जवळपास तोच. कापून बेतले.
मग रताळ्याच्या वडीचा गंजका डबा उघडला:
पेचाचे क्लॅम्प, तारेचे दुपदरी,
आणि स्प्रिंगचे तीन, पक्कड लावल्याशिवाय न वाकणारे.

मी स्प्रिंगचा उचलला.
"हा बरा. तापला की होज फुगेल, निवला की आक्रसेल,
हा दोन्हीकडे धरून राहील."
"पेचाचा कसला की मला झोप येते," तो म्हणाला.
मग जुना होज उलटा करून दाखवला:
पट्टीच्या खाचा रबरात दातांसारख्या रुतलेल्या,
गळती तिथूनच.
"हा कुणी आवळला होता?"
मीच. मागच्या हिवाळ्यात, रागात.
ते सांगितलं नाही.

खाली स्प्रिंगचे दोन बसले. वर एकही मापाचा नाही,
तिथं पेचाचा, आतून गुळगुळीत पट्टीचा.
गळा पॉलिश पेपरनं घासला, पाण्यानं ओला केला.
"तेल नको, तेलानंच मेला होता तो."
उंचवट्याच्या पलीकडे क्लॅम्प सरकवला,
टोकापासून दोन गव्हाएवढं अंतर ठेवून.

स्क्रूड्रायव्हर माझ्याकडे दिला.
"बास."
"आणखी अर्धा फेरा."
"नको. भेग त्या अर्ध्या फेऱ्यात असते."

माझी पिशवी उघडीच होती.
त्यानं नाळेचा क्लॅम्प उचलला, पांढरा, प्लॅस्टिकचा.
"हा कितीला?"
"एकदाच वापरायचा असतो."
"मग तुझं काम सोपं आहे," म्हणाला,
आणि आपल्याच विनोदावर इतका हसला
की पानांचा बोळा बाहेर पडायचा राहिला.

पाच लिटर पाणी, पिण्यातलं.
हीटर पूर्ण चालू, भर उन्हात,
हवेचे बुडबुडे वर येऊन फुटेपर्यंत.
पैसे घेतले नाहीत. रक्तदाब मोजून घेतला.
जास्त होता. मीठ कमी कर म्हटलं,
त्यानं वळून ट्रककडे पाहिलं.

सुस्केसला पोचले तेव्हा दोन विटा शाबूत होत्या,
तिसरीत एक डोळा पाण्याचा.
एकवीस मुलं, एक पळून गेलेलं.

रात्री थंड इंजिनवर टॉर्च धरला. कोरडं.
तरी क्लॅम्पच्या खालून बोट फिरवलं,
वास घेतला,
आणि अंगठ्यानं पेच चाचपला.
थोडा सैल वाटला.
पाव फेरा दिला.