मिझेची खोली

चाळीस वर्षं मी पेम्बा बेटावर भिंती घालतोय.
दगडाचं कुळ मला आजवर कुणी विचारलं नव्हतं.

मिझे आली ती ओहोटीवरून थेट,
कांगा गुडघ्यापर्यंत ओला,
हातात लोखंडी गज, गजाला तीन ऑक्टोपस.
म्हणाली, "शामे, एक खोली हवी.
झुहुराचे दिवस भरत आलेत.
मोठा पाऊस लागायच्या आत."

म्हटलं, सोपं आहे.
दगड प्रवाळाचा, तासायला मऊ.
वाळू किनाऱ्यावरची, फुकटची.
छताला तिवराच्या बल्ल्या,
आणि चुना म्हणजे तोच प्रवाळ,
तिवराच्याच लाकडावर भाजलेला.
सगळं घर दोन होड्यांत येतं.

"दगड कुठनं काढणार?"
मी दक्षिणेच्या खडकाकडे हात केला.
ती म्हणाली, "तिथलं एकेक बीळ मला ठाऊक आहे.
वाटीसारख्या तोंडाचं आहे ना,
त्यात मादी अंडी राखत बसते,
खात नाही, पित नाही, तिथेच मरते.
त्या दिवसांत मी गज पाठीमागे धरून जाते.
आणि तू ते बीळ खांद्यावर घालून आणणार,
माझ्या नातवाच्या उशाशी?"

"बरं, वाळू तरी?"
ती बोलली नाही. नुसती हनुवटी उचलली
त्या माडाकडे, जो परवा आडवा झाला,
ज्याची मुळं आता वारा खातात.

तिवराचं मी विचारलंच नाही.
तिथल्या चिखलात कोण कोण लहानाचं मोठं होतं
ते माझ्या जाळ्यालाही माहीत आहे.

"मग काय हवेत बांधू?"
माझा आवाज चढला. तिचाही.
गज आपटून गेली,
रागात एक ऑक्टोपस विसरून.
तो मी नारळाच्या दुधात शिजवला.
चिवट होता. चावता चावता रात्र झाली,
आणि माझ्या डोक्यात एक भिंत उभी राहिली.

तिच्याच अंगणातली लाल माती.
खड्डा खणला, त्यात पुढे केळी लावल्या.
माकामेनं खाऱ्या पडीक जमिनीत सुरू लावला होता,
लोक हसले होते त्याला.
त्याच्याकडून बल्ल्या घेतल्या, बुडं जाळून काळी केली.
जेट्टीवरची जुनी गोदी पाडत होते,
तिथले दगड आणले जोत्याला.
समुद्रानं जे एकदा दिलंय ते दिलंय.
चौकट वठलेल्या लवंगेची,
वर माडाच्या झावळ्या.

सिमेंटच्या गोण्या आणल्या तशी ती दारात आडवी.
"तीन?"
"तीनच. मातीचं आणि पाण्याचं वैर आहे, मिझे.
एवढं माझं ऐक."
तिनं ऐकलं. नाक मुरडून, पण ऐकलं.

धुम्मस उचलून उचलून हात भरून आले.
पूर्वेची भिंत जरा पोटाळ झाली,
झुहुरासारखी, असं माकामे म्हणाला
आणि मार खाता खाता वाचला.
पाऊस चार दिवस आधीच आला, एक कोपरा घेऊन गेला.
पुन्हा लिंपला. पैसे घेतले.
फुकट कुणाला परवडतं?

मुलगी झाली.

सहाव्या दिवशी मिझे म्हणाली, "चल."
चाळीस वर्षं या खडकाचे दगड रचले मी,
ओहोटीला त्यावर पाय ठेवला नव्हता कधी.
ती पुढे, मी मागे, आंधळ्यासारखा.
वाटीसारख्या बिळापाशी थांबली,
ओठांवर बोट ठेवलं.

आतून एक हात आला, ओल्या सावलीसारखा.
बाहेर पडलेले तुकडे चाचपले.
एक उचलून पाहिला, टाकला.
दुसरा फिरवला, टाकला.
तिसऱ्यावर थांबला बराच वेळ,
मग ओढून घेतला आत,
आणि दार लागलं.

पाणी घोट्याला लागलं
तरी मी तिथेच उभा होतो.
तिनं ते दोन का टाकले असतील,
वाकून बघत.