नखाचा उजेड

निकाल लागून सतरा दिवस झाले, तेव्हा
ठाण्यातून निरोप आला : न्या तुमचं हत्यार.

जुन्या चादरीत गुंडाळून रिक्षाने आणली.
रिक्षावाला म्हणाला, "मावशी, पडद्याचा रॉड का?"
मी म्हटलं, हो.

घोड्याच्या कडीला सुतळीने बांधलेला पुठ्ठा :
सुपडू तोताराम फिरके, मयत. वारस, मुलगी.
आचारसंहितेचे दिवस तिने मालखान्यात काढले
जप्त सायकली नि दारूच्या कॅनांच्या शेजारी.
अंगभर कुणाकुणाच्या बोटांचे ठसे, आणि ठशांवर
हळदीसारखा बारीक गंज.

आधी रिकामी आहे ना बघायचं.
ठाण्याने बघितली असली तरी.
कडी खाली ओढायची, वरची पेटी उघडते.
आत बघायचं, मग करंगळी घालायची.
"डोयावर जाऊ नको," बाबा म्हणायचे,
"बोटाले विचार."

ते लोको शेडमध्ये फिटर.
ड्रायव्हर गार्डिनर ऑस्ट्रेलियाला निघाला तेव्हा
कुणी पियानो घेतला, कुणी कोंबड्या,
बाबांनी हिला घेतलं,
शिकारीसाठी नाही, त्या कडीसाठी.
खाली ओढली की जुनं बाहेर, वर आणली की नवं आत.
एका हाताचं इंजिन, म्हणायचे.
गोळी जन्मात एकच झाडली,
सावद्याला, काकांच्या केळीत, डुकरावर.
घड पडला. डुक्कर
काकांच्या गप्पांत शेवटपर्यंत पळत होतं.

हिला गज तोंडाकडूनच घालावा लागतो,
मागून वाट नाही.
म्हणून तोंडाला पितळी बूच, काठ झिजू नये,
आणि पेटीत चिंधी, मळ आत सांडू नये.
बाबांच्या धोतराच्या चिंध्या कधीच संपल्या,
आता माझे परकर.
पहिली काळी येते. दुसरी राखी.
तिसरीवर चहाच्या डागाएवढं काहीतरी.
मग थांबायचं, रॉकेल मुरू द्यायचं.
घाई केली की चिंधी खोटी पांढरी येते.

शिलाई मशीनचं तेल, दोनच थेंब.
भुसावळच्या उन्हाळ्यात तेल पाण्यासारखं पळतं,
उतरतं, कुंद्याच्या लाकडात शिरतं, लाकूड पोचट होतं.
म्हणून कपाटात उभी करायची ती उलटी, तोंड खाली,
शाळेत शिक्षा झालेल्या पोरीसारखी.
लाकडाला जवसाचं तेल, तळहाताने,
तळहात पोळेस्तोवर.

सगळ्यात शेवटी नळी.
पुन्हा एकदा करंगळी, मगच डोळा.
पेटीत मागून नख धरायचं,
खिडकीचा उजेड नखावर पडून नळीत चढतो,
आतल्या पिळाच्या रेघा दिसतात
विहिरीच्या गोल पायऱ्यांसारख्या.
बाबांची नखं काजळीने काळी. साबण, लिंबू, राख,
कशानेच गेली नाहीत.
म्हणून ओट्यावरून हाक यायची,
"बेबी, तुझं नख आन इकडे."
मी पाढे टाकून जायची.
डावं पहिलं बोट आत धरून उभी,
नऊ वर्षांची, कंदील असल्यासारखी.
ते एक डोळा मिटून,
"जरा वर. हां. हालू नको."

आज तेच बोट धरलं तर नळीत अंधार.
मतदानाची शाई.
नखाबरोबर अर्ध्यावर सरकलेली, पण काळी.
उजवा हात तेलाने बरबटलेला.
शेवटी ठाण्याची पावती घेतली,
दुमडली, कोरी बाजू वर करून आत सारली.

लख्ख.
नखापेक्षा कितीतरी जास्त.
रेघ न् रेघ मोजता यावी इतकी.

बराच वेळ बघत बसले.
शेडमध्ये कोऱ्या कागदांचा तोटा नव्हता.
माझ्या वह्या तर तिथंच, ओट्यावर पडलेल्या असायच्या.
बाबा फिटर होते,
त्यांना हे सुचलं नसेल
असं नाही.

कडी वर आणली. तिचा आवाज अजून तसाच,
दोन तुकड्यांत, दुसरा जरा उशिरा.
पावतीला तेल लागलं, तशीच फाईलला टोचली.
नूतनीकरणाच्या अर्जात विचारलंय :
हत्यार बाळगण्याचं कारण.
दीड ओळीची जागा आहे.