बोट पुन्हा ठेवा

कन्ना चौकातल्या माझ्या दुकानात
राजव्वा येमूल फोन काचेवर ठेवतात, उपडा.
"हे मला वळखंना की बे."

अंगठा. नाही.
तर्जनी. पदराला पुसून पुन्हा तर्जनी.
नाही.
तीस वर्षं विडीचं पान वळता वळता
बोटांवरचं सगळं
पानांनीच पुसून नेलेलं.

पिन ठेवू म्हटलं, तर हसल्या:
"पंचवीसच्या कट्ट्यापुढं आकडा राहत नाही डोक्यात."

गड्ड्याच्या जत्रेत कारखाना बंद होता.
आठवड्यानं आल्या, सहज अंगठा ठेवला
आणि फोन उघडला.
रेघा उगवल्या होत्या.
खात्यात एकशे बारा रुपये.

पुन्हा काम सुरू, पुन्हा मजुरी जमा,
आणि फोन म्हणतो:
बोट पुन्हा ठेवा.

काल मी डाव्या हाताची करंगळी नोंदवली,
जी पानाला कधी लागतच नाही.
उघडला.
राजव्वा करंगळीकडं बघत राहिल्या,
मग तेलुगूत तिला काहीतरी म्हणाल्या.

मला तेलुगू येत नाही.
पण सूर ओळखीचा होता,
घरी बसून खाणाऱ्या पोरानं
पहिला पगार आणून दिल्यावरचा.