मशाकाची पट्टी

बाप माझा पाणी मोजायचा.
सकाळी सातला, किगोमाच्या धक्क्यापाशी
लोखंडी पट्टीला डोळा लावून एक आकडा टिपायचा,
वहीत लिहायचा, खोडायचा, पुन्हा जाऊन बघून यायचा.
त्याचं नाव मशाका, म्हणजे शंका.
माझं सिकुजुआ, म्हणजे मला माहीत नव्हतं.
अशा दोघांच्या हाती सरकारनं दिलं होतं
टांगानिकाचं माप.

शाळेत मी पोरांना शिकवते:
लांबी पावणेसातशे किलोमीटर, रुंदी सरासरी पन्नास,
चार देश त्यात पाय सोडून बसलेले.
व्हिक्टोरिया कितीतरी ऐसपैस, पण परातीसारखं उथळ,
ऐंशी-पंच्याऐंशी मीटरवर बूड लागतं.
न्यासा दक्षिणेला, आपल्यासारखंच लांबोडकं.
किवू वर डोंगरात, पोटात वायू धरून,
रुझिझीच्या हाती आपल्याला थोडंथोडं पाणी धाडतं.
आमच्या भाषेत तळ्यांना म्हणतात माझिवा,
आणि दुधालाही माझिवा.
इथं पोरं हसतात. दरवर्षी.
मी थांबते.

खोली, चौदाशे सत्तर मीटर.
इथं कुणी हसत नाही.
दोन्ही हात फाकले की एक वाव, असे आठशे वाव;
एवढी दोरी किबिरिझीच्या अख्ख्या बाजारात मिळायची नाही.
"बाई, तिथं जाऊन कोण आलं?" चाउसिकू विचारते.
तिचा बाप काळोख्या रात्री होडीवर दिवे पेटवून
चिमुकली मासळी धरतो,
त्याचं जाळं साठ वावही उतरत नाही.
मी सांगते, दोनशे मीटरखाली प्राणवायू नाही, मासा नाही,
नुसतं जुनं पाणी, वर यायचं विसरलेलं.
आणि तळ तर समुद्राच्या पातळीच्याही खाली.
डोंगरातलं तळं,
पण त्याचा थांग समुद्राच्या पलीकडे.

मग ते वर्ष आलं.
पाऊस थांबेना, आणि बाहेर पडायला एकच दार,
पश्चिमेला लुकुगा, तेही गाळानं अर्धं मिटलेलं.
पट्टी बुडाली. बापानं वर दुसरी ठोकली.
तीही बुडाली.
तेलमाडांना गुडघाभर, मग कमरेइतकं पाणी,
मग आमच्या अंगणात,
जिथं चूल होती तिथं बोटभर मासे.

आम्ही चढावर, चुलत्याच्या खोलीत राहायला गेलो.
तोवर बापाचे दोन्ही मोतीबिंदू पिकले होते.
सात वाजले की खाटेवरून एकच शब्द:
"किती?"
मी जायची, लुगडं वर खोचून, काठी चाचपत.
खोटं सांगायचा मोह व्हायचा.
दोनदा सांगितलंही,
आणि दोन्ही वेळा तो म्हणाला, पुन्हा बघून ये.

एके दिवशी पट्टी सापडलीच नाही.
लाटा, वर तरंगणारं गवत, कुणाचं तरी मोडकं स्टूल.
पोहत घरापाशी गेले.
दाराच्या चौकटीवर त्यानंच सुरीनं पाडलेल्या खाचा होत्या:
माझी उंची, पाच वर्षांची, सहा, सात,
मग एकदम नऊ.
आठव्या वर्षी मी आजोळी होते.

"किती?"
"सात."
"सात काय? मीटर?"
"सात वर्षं."

तो बराच वेळ छताकडे तोंड करून पडून राहिला.
हात खाटेवरून उचलून
हवेत एवढा, असा, कुणाच्या तरी डोक्यावर ठेवावा तसा धरला.
मग म्हणाला, वही घे.
जसं आहे तसं लिही.
आणि शेऱ्यात लिही:
वारा दक्षिणेचा,
खात्री नाही.