शिरोरेषा : चाचणी सातवी

आधी काळोख, चौदा फ्रेम.
मग डावीकडून धोटा येतो,
मागे एक धागा सोडत जातो,
तो धागा म्हणजे शिरोरेषा.
अक्षरं नंतर येतात आणि तिला लोंबकळतात,
गच्चीवर टॉवेल वाळत घालावेत तशी.

एवढंच काम. चाळीस सेकंद.
मार्चपासून करतोय.

तिसऱ्या चाचणीत 'धोटा'तली मात्रा उशिरा आली,
अर्धा सेकंद चित्रपटाचं नाव 'धाटा' झालं.
पुण्याहून अन्विता मॅडमचा एका ओळीचा निरोप :
आपण धाटा बनवलेला नाही.
चौथीत मात्रा आधी, अक्षर मागून,
ती बिचारी रिकाम्या हवेत
एसटी चुकलेल्या बाईसारखी उभी.
पाचवीत लाइट गेली.

खालच्या मजल्यावरचे मल्लय्या येलदी
चाळीस वर्षं जकार्डची कार्डं पाडत होते.
चष्मा कपाळावर सरकवून
त्यांनी लॅपटॉपकडे नाही, माझ्या बोटांकडे बघितलं.
"एक कार्ड गाळलास बे."
मी हिशेब केला :
माग मिनिटाला एकशेवीस खटके मारतो,
सेकंदाला दोन,
एका खटक्याला बारा फ्रेम.
मात्रा बरोबर बाराच फ्रेम मागे होती.

मग गच्चीवर, साखर पेठेत, रात्री साडेनऊला
भाड्याचा प्रोजेक्टर.
फरशी अजून चटका देत होती.
पाण्याचा दिवस होता, चौथ्या दिवशीचं पाणी,
म्हणून सगळी गल्ली जागी, बादल्या मोजत.
आधी टॉवेलवर पाडून बघितलं :
लूपमध्ये अनुस्वार बुडाला, अंबादासचा अबादास.
मग चादरीवर :
नावाच्या मधून एक हिरवा मोर चालत गेला.
पोरं हसली. मीही.
शेवटी येलदींचं धुतलेलं धोतर.

नरसम्मा अक्का कोपऱ्यात सूप मांडीवर घेऊन
विड्या वळत होत्या.
बोटं पानावर, डोळे धोतरावर.
प्रौढांच्या वर्गात दोन हिवाळे गेल्या होत्या त्या,
जोडाक्षरापर्यंत पोचल्या, मग वर्ग बंद झाला.

नाव आलं.
"अं... बा..."
नाव गेलं.
पुढचं आलं, तेही गेलं.
"आगु," त्या धोतराला म्हणाल्या. "आगु रा."
घरात दूध उतू जाताना म्हणतात त्या सुरात.
नावं थांबली नाहीत.
मीच त्यांना दोन सेकंद दिली होती.
दोन सेकंद पुरतात, असं मी कुठल्या तरी कोष्टकात वाचलं होतं.
ते कोष्टक विड्या वळत नसावं.

धोट्याच्या टोकावर मी एक चमक केली होती.
पितळी, फिरती, कडेला जरा निळसर.
अकरा दिवस घातले होते तिच्यात.
रात्री दीड वाजता ती उडवली.
धोट्याची गिरकी उडवली.
धुरकट गिरणी, चिमणीवरची घार,
घार ठेवू का ठेवू का करत
तीही उडवली.
तरी पुरेना. चाळीसाची साठ झाली.
मॅडमना कळवलं.
दोन निळ्या खुणा दिसतात, उत्तर नाही.

आज सातवी.
धोतर तेच, एका कडेला आता लोणच्याचा डाग.
काळोख. धोटा. रेघ.
एका नावाला पाच सेकंद, दहा खटके.
माझ्या डोळ्यांना ते इतकं लांब वाटलं
की पाठीमागे हात बांधून उभा राहिलो.

"अं. बा. दा. स."
वळलेली विडी हातातच राहिली.
"गु. र्र." र्र वर त्या जरा घसरल्या, परत चढल्या.
"म."
नाव अजून तिथंच होतं.
त्यांनी ते पुन्हा एकदा, सलग, घाईघाईनं म्हटलं,
मग माझ्याकडे वळल्या :
"कोण हा?"

"सूत रंगवायचे. एमआयडीसीत."
"मी नाही ओळखत."
दोरा गुंडाळला, विडी बाजूला ठेवली,
नवं पान घेतलं.
"पुढचं लाव."